वाघोरा ते विद्यापीठ गेट

आधी पावसाचा आवाज येतो, मग छिन्नीचा. तुम्ही अजिंठ्याला, वाघोरा नदीच्या काठावर उभे आहात. पायाखाली शेवाळलेला काळा दगड, समोर नालेच्या आकारात वळलेला उभा कडा. इसवी सनाचं पाचवं शतक सरत आलंय. वाकाटकांचा हरिषेण राज्य करतोय आणि त्याचा प्रधान वराहदेव या कड्यात भिक्खूंसाठी एक मोठं लेणं कोरून घेतोय. वर सातकुंडावरून पाणी कोसळतंय. पावसाळ्यात भिक्खू गावोगाव फिरत नाहीत, एका जागी राहतात. हा वर्षावास आहे, म्हणून दरी माणसांनी भरलेली आहे.

नदीतून थेट लेण्यापर्यंत दगडी पायऱ्या गेल्यात, त्या चढून वर या. ओसरीत एक कारागीर मातीचा गारा कालवतोय. चिखलात भाताचा कोंडा आहे, झाडांचे तंतू आहेत. खडबडीत भिंतीवर हा गारा चढेल, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरेल आणि मग चितारी रंग लावतील. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे सगळं आसपासचं. फक्त निळा रंग दूर बदख्शानच्या खाणींतून व्यापाऱ्यांच्या गोण्यांमधून आलेला. वाकून त्या गाऱ्याकडे नीट बघा, कारण पंधराशे वर्षांनी एका प्रयोगशाळेत त्याचा विषय निघणार आहे.

रात्री झोपायला तुम्हाला जागा मिळते ती जुन्या, सातवाहनांच्या काळातल्या लेण्यात. पुढे लोक त्याला बारा नंबरचं लेणं म्हणतील. मधे मोकळं दालन, तीन बाजूंना चार-चार खोल्या, आणि प्रत्येक खोलीत दगडात कोरलेले दोन ओटे. एका ओट्यावर तुम्ही, दुसऱ्यावर कोणी तरी दूरगावचा तरुण. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही ही खोली पहिल्या नजरेत ओळखीची वाटेल. तुमचा सोबती कुठल्या जातीतून आला, हे इथे कोणी विचारत नाही. मुंडण करून चीवर अंगावर घेतलं की आधीचं कूळ मागे राहतं, असा संघाचा रिवाज आहे. हा रिवाज प्रत्यक्षात किती पाळला जात असेल हे वेगळं, पण तो नियम म्हणून इथे होता, आणि या मुलखाच्या पुढच्या हजार-दीड हजार वर्षांत तो फार थोड्या ठिकाणी सापडणार आहे.

सकाळी वराहदेवाच्या लेण्यात जा. भिंतीवर बाळ सिद्धार्थाची शाळा रंगवली आहे, मुलं मांडीवर पाट्या घेऊन बसलीत. तिथून पुढे दोन नंबरच्या लेण्यात हारिती देवीच्या मूर्तीखालची पट्टी पाहा. गुरुजी हातात छडी घेऊन शिकवताहेत, जवळची मुलं लक्ष देऊन ऐकताहेत आणि लांबच्यांची मस्ती चालली आहे. ज्या शिल्पकाराने हे कोरलं त्याने वर्ग जवळून पाहिला होता, यात मला शंका नाही.

अजिंठ्याला विद्यापीठ म्हणायचं का? पदव्या नव्हत्या, नालंदेसारखा हजारो विद्यार्थ्यांचा पसाराही नव्हता. पण राहून शिकणं होतं, राजा आणि व्यापाऱ्यांच्या दानावर चालणारं होतं, आणि वाद होता. चिनी प्रवासी ह्युएन त्संग सातव्या शतकात पुलकेशी दुसऱ्याच्या राज्यात आला. त्याने डोंगरदरीतल्या एका संघारामाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. दाराशी दगडी हत्ती आहेत म्हणाला. सोळाव्या, म्हणजे वराहदेवाच्याच, लेण्याच्या वाटेवर ते हत्ती आजही आहेत. त्याच वर्णनात तो सांगतो की दिङ्नाग इथे वरचेवर राहत असे.

दिङ्नाग म्हणजे भारतीय तर्कशास्त्राला वळण देणारा माणूस, ‘प्रमाणसमुच्चय’ या ग्रंथाचा कर्ता. आता थोडा वेळ त्याच्यासमोर बसा. संध्याकाळ झाली आहे, पणत्या लागल्यात. तो म्हणतो, खरं ज्ञान मिळवायची साधनं दोनच, प्रत्यक्ष आणि अनुमान. ग्रंथात लिहिलंय, थोर माणसाने सांगितलंय, एवढ्यावर गोष्ट खरी ठरत नाही. तो शब्दही अनुमानाच्या कसोटीवर उतरला पाहिजे. तुमच्या शेजारचा पोरगा हात जोडून उठतो आणि त्यालाच उलट प्रश्न विचारतो. कोणी त्याला खाली बसवत नाही. संशोधन म्हणून आज जे काही विद्यापीठात चालतं, त्याचा पाया या दोन गोष्टींवर उभा आहे, आणि तो या जिल्ह्यात इतक्या आधी कोणी तरी मांडत होतं.

मग दरी ओस पडते. दान थांबतं, राज्यं बदलतात, लेण्यांच्या तोंडावर झाडोरा वाढतो. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला म्हणून येतो आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव खरवडून जातो. त्याच्यापाशी थांबायचं कारण नाही. घाट चढून वर या. माथ्यावर पोचाल तेव्हा साल १९३८ असेल.

औरंगाबाद, निजामाच्या हैदराबाद राज्यातलं. टांग्यांची खडखड, पाणचक्कीचं पाणी, दुकानांवर उर्दू पाट्या. तुम्ही इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात आहात. १९२३ साली निघालेलं हे कॉलेज हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेलं आहे. इथून पुढे शिकायचं तर छोट्या रुळांच्या गाडीत बसून हैदराबाद गाठायचं. १९१८ सालचं उस्मानिया ही साधी गोष्ट नव्हती. इंग्रजी बाजूला ठेवून एका भारतीय भाषेत विज्ञान, कायदा, वैद्यक शिकवण्याची हिंमत त्या विद्यापीठाने केली, ग्रंथांचे तर्जुमे करवून घेतले. त्याचा मान राखलाच पाहिजे. पण ती भाषा उर्दू होती. जालन्याच्या, बीडच्या, परभणीच्या मराठी पोराला आधी ती शिकावी लागे आणि मग विषय. खेड्यातला शेतमजुराचा पोरगा इथवर येतच नसे. तुम्ही जेवणाच्या पंगतीवर नजर फिरवा, तो कुठेही दिसणार नाही.

नोव्हेंबर महिना आहे. वसतिगृहातल्या मुलांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली आणि निजामाच्या सरकारने बंदी घातली. मुलं संपावर गेली. हे लोण औरंगाबादेतून हैदराबादला पोचलं, शेकडो विद्यार्थ्यांची नावं पटावरून उडाली. त्यांना दार उघडलं नागपूर विद्यापीठाने. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या काढून टाकलेल्यांपैकीच एक. तुमच्या खोलीतला पोरगा ट्रंकेत कपडे भरताना गप्प आहे. नागपूर कुठे आहे हे त्याला नकाशावरच माहीत आहे. आपल्या मुलखाचं विद्यापीठ नसणं म्हणजे काय, हे त्या ट्रंकेपाशी उभं राहिलं की कळतं.

१७ सप्टेंबर १९४८. निजामाचं राज्य संपतं. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ आणि असंख्य अनाम माणसांनी केलेला लढा फळाला येतो. लगेच शाळा-कॉलेजांची घाई सुरू होते, कारण मागे राहिल्याची जाणीव प्रत्येकाला टोचतेय.

१९५०. पाणचक्कीच्या पलीकडे माळरान आहे, तिथे चला. ऊन कडक, झाडं नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे कॉलेज काढलंय. मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढून चार वर्षं झालीत. आता त्यांनी शिक्षणात मागे राहिलेला हा मुलूख मुद्दाम निवडला. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद येऊन इमारतीची कोनशिला बसवतील. कॉलेजचं नाव मिलिंद, परिसराचं नाव नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा यवन राजा, नागसेन हा उत्तरं देणारा भिक्खू. वादात जो हरेल त्याने ते मान्य करायचं, या बोलीवर दोघं बसले होते. अजिंठ्यातल्या त्या संध्याकाळपासून तुटलेला धागा इथे पुन्हा उचलला गेला, असं मला वाटतं, आणि तो उचलणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं.

वसतिगृहाच्या पडवीत एक मुलगा भाकरी सोडून बसलाय. तुम्हाला बघून सरकतो.

“जय भीम. कुठून आलाव?”

तुम्ही काही तरी सांगता.

“आम्ही हिंगोलीकडचे. आमच्या गावातून कालेजात आलेला मी पहिलाच. बा म्हणला, बाबासायबानं काढलंय तर जा.” तो भाकरीचा अर्धा तुकडा पुढे करतो. “खा की. लाजू नका.”

प्राचार्य म. भि. चिटणीस सगळ्यांना जातपात न बघता वर्गात बसवतात. सवर्ण मुलंही इथे शिकताहेत, कारण मिलिंदचं दार सगळ्यांना उघडं आहे. रात्री दिवे कमी, मुलं जास्त. तुम्हीही त्यांच्यात बसून वाचा. या खोल्यांतून पुढची तीस वर्षं कवी, प्राध्यापक, वकील, कार्यकर्ते बाहेर पडणार आहेत, आणि मराठी भाषेने तोवर न ऐकलेलं बरंच काही ते तिला ऐकवणार आहेत.

राज्य पुनर्रचना होते, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबादेतून सुटून मुंबई राज्यात येतो. कॉलेजं मात्र अजून हैदराबादच्या विद्यापीठाला बांधलेली. १९५७ साली सरकार न्यायमूर्ती पळणिटकरांची समिती नेमतं. समिती म्हणते, विद्यापीठ हवं आणि ते औरंगाबादेतच हवं.

२३ ऑगस्ट १९५८. गर्दीत उभे राहा. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन करायला आलेत. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी, मुंबई विद्यापीठाचा कारभार ज्यांनी वर्षानुवर्षं आतून पाहिला आणि त्या विद्यापीठाचा इतिहासही लिहिला, असा जाणता माणूस. पाच जिल्हे एका विद्यापीठाखाली येतात: औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद. जालना आणि लातूर अजून जिल्हे व्हायचेत. तुमच्या शेजारी धोतर-टोपीतले एक काका डोळे पुसताहेत. १९३८ साली ते कोणत्या बाजूला होते हे विचारायची गरज पडत नाही.

शहराच्या उत्तरेला, बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगराच्या पायथ्याशी विद्यापीठाला जागा मिळते. सातशे एकरांहून मोठा परिसर. डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी, पायथ्याशी सोनेरी महल. अजिंठा इथून शंभर किलोमीटरवर आहे. खडक तोच आणि लेणी कोरण्याची परंपराही तीच.

पुढची वीस वर्षं भरभर जातात, तुम्हीही भरभर चाला. माळावर इमारती उभ्या राहतात. मराठी विभागात यू. म. पठाण संतसाहित्य शिकवताहेत, सुधीर रसाळ कवितेवर बोलताहेत. इंग्रजी विभागात भालचंद्र नेमाडे आहेत. इतिहास विभागातले मोरवंचीकर पैठणच्या जुन्या वसाहतीचा शोध घेताहेत. तिथून निघालेल्या सातवाहनकालीन वस्तू पुढे विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवल्या जातील. नागसेनवनात म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून, तिथल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य वाचून परतलेत. गंगाधर पानतावणे ‘अस्मितादर्श’ काढताहेत. छापखान्यातून आलेला ताजा अंक हातात घ्या, शाईचा वास येईल. दलित साहित्य या नावाने जे पुढे जगभर वाचलं जाणार आहे, त्याची मोठी पेठ हे शहर आहे. पठाण आणि पानतावणे यांच्यासारखी माणसं एकाच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर असणं, हे विद्यापीठाचं खरं भांडवल असतं. विभागांची यादी वाचून ते कळत नाही.

आणि मग तुमचे पाय जड होतात, कारण पुढचं साल १९७८ आहे.

२७ जुलै. विधानसभा आणि विधान परिषद दोन्ही सभागृहं ठराव करतात की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं. मुख्यमंत्री शरद पवार. ठराव मुंबईत झाला, आग मराठवाड्यात लागली. त्याच रात्रीपासून शेकडो गावांत दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जाळली, विहिरी नासवल्या, माणसांना गाव सोडायला लावलं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावी पोचिराम कांबळे यांना हालहाल करून मारलं.

इथे तुम्ही फक्त बघे म्हणून उभे राहू शकत नाही. रात्री रस्त्याने डोक्यावर बोचकी घेऊन एक कुटुंब चाललंय. बाईच्या काखेत लहानगं, मागे म्हातारी. तुम्ही विचारता, कुठे चाललात? म्हातारी म्हणते, “कुठं जावं ते ठावं न्हाई लेकरा. गाव सोडलं.” एका विद्यापीठाच्या पाटीवर कोणाचं नाव असावं, यासाठी तिचं घर गेलं. विद्यापीठ तिने कधी पाहिलेलं नाही. तिच्या घरातून कोणी तिथे शिकायला गेलेलंही नाही.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. ज्यांनी निजामाविरुद्ध लढून हा मुलूख मोकळा केला, त्यांच्यातलीही काही मोठी माणसं नामांतराच्या विरोधात होती. गोविंदभाई श्रॉफ त्यांपैकी एक. मराठवाडा हे नाव म्हणजे लढ्याची ओळख, ती पुसू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या त्यागाबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. तरीही मला वाटतं, त्या वेळी ते चुकले. ज्या माणसाने या माळावर सगळ्यांत आधी, विद्यापीठाच्याही आठ वर्षं आधी, खेड्यातल्या पोरांसाठी दार उघडलं, त्याचं नाव या मुलखाच्या ओळखीत बसत नसेल तर ती ओळखच अपुरी होती.

ठराव कागदावर राहतो. ११ नोव्हेंबर १९७९ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या पुढाकाराने लाँग मार्च निघतो. तुम्ही त्यात आहात. थंडी, धूळ, पायांना फोड. वाटेतल्या गावांत लोक पाण्याच्या कळशा घेऊन उभे असतात. बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा नदीच्या पुलावर पोलीस अडवतात, लाठ्या चालतात, लोकांना धरून नेतात. औरंगाबाद अजून दूर आहे आणि त्या दिवशी ते तुम्हाला दिसत नाही.

त्यानंतरची चौदा वर्षं तुम्हाला मोर्चांत, सत्याग्रहांत, तुरुंगात काढावी लागतात. बाबा आढाव यांच्यासारखे समाजवादी या लढ्यात उतरतात; सवर्ण घरांतली तरुण मुलंही. मंत्रिमंडळं बदलतात, प्रत्येक जण योग्य वेळ आलेली नाही म्हणतो. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे स्वतःला पेटवून घेतात. ती बातमी ज्याने त्या दिवशी वाचली, त्याच्या तोंडून आजही ती सांगताना आवाज फुटत नाही.

१४ जानेवारी १९९४. संक्रांत. घरोघरी तिळगुळ झालाय आणि रेडिओवर बातमी येते. शरद पवार पुन्हा मुख्यमंत्री आहेत. जुनं नाव ठेवून पुढे नवं जोडलं: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. नामांतर म्हणून मागितलं होतं, नामविस्तार म्हणून मिळालं. काहींना ही तडजोड वाटली, आजही वाटते. पण गेटकडे धावत निघालेल्या माणसांच्या तोंडाकडे बघा. तुमच्या हातावर कोणी तरी तिळगुळ ठेवतं आणि पुढे निघून जातं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने वेगळं विद्यापीठ निघतं. दोन विद्यापीठं, एका मुलखातल्या दोन लढ्यांची दोन नावं.

आता आजच्या दिवसात या. शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालंय. पाणचक्कीवरून, नागसेनवनाच्या कडेने, विद्यापीठ गेटपाशी उतरा. दरवर्षी १४ जानेवारीला इथे पाय ठेवायला जागा नसते. लोक गेटला हात लावून नमस्कार करतात, लेकरांना उचलून ते दाखवतात, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, रात्रीपर्यंत भाषणं आणि भीमगीतं. जगात विद्यापीठं पुष्कळ आहेत. ज्याच्या दाराला माणसं अशी देवळासारखी माथा टेकवतात, असं विद्यापीठ मला दुसरं ठाऊक नाही.

पण गेट हे गेट आहे, आपल्याला आत जायचंय. झाडीतून रस्ता सरळ प्रशासकीय इमारतीकडे जातो, तिथे बाबासाहेबांचा पुतळा आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद) या चार जिल्ह्यांतली चारशेहून अधिक महाविद्यालयं या इमारतीशी जोडलेली आहेत. धाराशिवला विद्यापीठाचा उपपरिसर आहे. गेवराईच्या परीक्षेचं वेळापत्रक, सोयगावच्या पोराची गुणपत्रिका, भूमच्या मुलीचा पीएच.डी.चा प्रस्ताव, सगळं इथून जातं. मोठ्या सार्वजनिक विद्यापीठाचं हे काम डोळ्यांत भरत नाही, पण ते एक दिवस थांबलं तर चार जिल्ह्यांत हाहाकार होईल.

विज्ञान विभागांकडे वळा. पॉल हेबर्ट यांच्या नावाच्या केंद्रात माशांची, किडामुंगीची ओळख डीएनएवरून पटवतात. नदीतल्या दोन सारख्या दिसणाऱ्या माशांतला फरक इथे उलगडतो. दुसऱ्या एका प्रयोगशाळेत लोणारच्या खाऱ्या, क्षारयुक्त पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांवर काम झालंय. संगणकशास्त्रात पोरं यंत्राला मराठी बोली ऐकायला शिकवताहेत. पाली आणि बौद्ध विद्येचा विभागही इथे आहे, आणि नागसेन-मिलिंदाचा संवाद तिथे अभ्यासाला असतो.

वनस्पतिशास्त्र विभागात थोडं थांबा. तो गारा आठवतो? कड्याच्या ओसरीत कालवलेला? २०१६ साली या विभागातल्या संशोधकाने पुरातत्त्व खात्यातल्या रसायनतज्ज्ञाबरोबर वेरूळच्या बौद्ध लेण्यातला गिलावा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. किडे त्याच्या वाटेला जात नाहीत, ओलावाही तो सांभाळतो, म्हणून तो गिलावा दीड हजार वर्षं टिकला. अजिंठ्याच्या गाऱ्यात भांग नव्हती. तिथे किड्यांनी चित्रांचा निदान चौथा हिस्सा खाल्ला, असं त्यांनी मांडलं. म्हणजे ज्या कारागिराला तुम्ही वाकून पाहिलं, त्याच्याकडे एक गोष्ट कमी होती, आणि वेरूळच्या कारागिरांनी ती पुढे वापरली. हे ना कोणा थोर माणसाने सांगितलं, ना ग्रंथात लिहिलं होतं. डोळ्यांनी पाहून आणि त्यावरून अनुमान काढून ते कळलं. दिङ्नागाला हे ऐकून आनंद झाला असता.

दुपार होते. ग्रंथालयात, ज्ञान स्रोत केंद्रात, वाचनकक्षाची जागा भरलेली आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं आहेत, पीएच.डी.ची आहेत. डब्यातली भाकरी बाहेरच्या झाडाखाली खातात. एक मुलगी तुमच्याशेजारी बसलीय. कमवा आणि शिका योजनेत सकाळी काम करते, मग वर्गाला जाते. गाव अंबडजवळचं. तिला विचारा, घरात पदवीधर कोण? ती म्हणते, “माझ्याआधी कुणीच नाही.” १९५० सालच्या पडवीतल्या मुलाने हेच सांगितलं होतं. मधे तीन पिढ्या गेल्या आणि या मुलखात अजूनही पहिलाच, पहिलीच म्हणणारी मुलं येताहेत. मला ही खंत वाटत नाही. यासाठीच तर हे विद्यापीठ मागितलं होतं.

खंत आहे ती वेगळ्या गोष्टीची. तिच्या विभागात शिकवायला पूर्णवेळ माणसं पुरेशी नाहीत. राज्यातल्या सगळ्याच सार्वजनिक विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्यात, तासिका तत्त्वावर काम भागवलं जातंय. अधिछात्रवृत्तीची रक्कम वेळेवर येत नाही म्हणून संशोधक मुलं याच गेटसमोर उपोषणाला बसतात. ज्या समाजाने नावासाठी सोळा वर्षं लढा दिला, त्याने आतल्या रिकाम्या खुर्च्यांसाठी तेवढाच आवाज करायला हवा. नाव मिळालं म्हणून लढा संपला असं समजण्याची चूक आपल्याकडून होतेय, आणि सरकारला ती सोयीची आहे.

तेव्हा पुढच्या १४ जानेवारीला गेटपाशी याल, तर नमस्कार करून परत फिरू नका. आत जा, तुमच्या तालुक्यातली मुलं कोणत्या विभागात शिकतात ते विचारा, त्यांना शिकवायला कोण आहे आणि राहायला खोली मिळाली का, हेही विचारा. मग तुमच्या आमदाराला गाठा, आणि या विद्यापीठातल्या रिक्त जागा कधी भरणार याची तारीख त्याच्याकडून लेखी घ्या.